माहितीपत्रक आणि ज्ञानकोश

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, हे कॉलेज कसं आहे हो?" विचारणारा कधी विद्यार्थी असतो, कधी त्याचे वडील. पूर्वी अशा वेळी शिक्षक ओळखीच्या कुणाचे नाव सांगत, किंवा 'प्रत्यक्ष जाऊन बघून या' म्हणत. आता विद्यार्थी येतो तेव्हा मोबाइलवर त्याचा शोध घेऊन झालेला असतो. तिथे त्याला कॉलेजचे स्वतःचे संकेतस्थळ सापडते आणि बहुधा त्याच्या आसपास विकिपीडियातील नोंदही. संकेतस्थळ कॉलेजचेच आहे, त्यात कॉलेजची स्तुती असणार, एवढे विद्यार्थ्याला समजते. ज्ञानकोशातील नोंदीबद्दल मात्र त्याची समजूत वेगळी असते. ती कुणीतरी त्रयस्थाने, तपासून लिहिलेली असणार असे तो धरून चालतो.

ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. पण ती आपोआप खरी ठरत नाही. एखाद्या संस्थेबद्दल त्रयस्थपणे लिहिणे ही गोष्ट ज्ञानकोशांना गेल्या पावणेतीनशे वर्षांत हळूहळू, ठेचा खात शिकावी लागली आहे. खाजगी कॉलेजांच्या बाबतीत तर हे शिक्षण अजून चालूच आहे. या इतिहासातील काही टप्पे आम्ही येथे मांडणार आहोत. लाखो रुपयांचे शुल्क आणि आयुष्यातील दोन-चार वर्षे ज्या माहितीच्या भरवशावर दिली जातात, ती माहिती कशी तयार होते हे शिक्षकांना ठाऊक असणे जरुरीचे आहे.

जिनिव्हाची नोंद

फ्रान्समध्ये १७५१ ते १७७२ या काळात 'आंसिक्लोपेदी' हा महाकोश प्रसिद्ध झाला. मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ असे त्याचे २८ खंड होते. संपादक होते दिदरो. सुरुवातीच्या खंडांना गणितज्ञ दालांबेर हे सहसंपादक होते. १७५७ साली निघालेल्या सातव्या खंडात दालांबेर यांनी जिनिव्हा या शहरावर नोंद लिहिली. नोंद बरीचशी कौतुकाची होती. पण त्यात त्यांनी असे लिहिले की, तिथले अनेक धर्मोपदेशक ख्रिस्ताचे देवत्व मानत नाहीत. दालांबेर यांच्या दृष्टीने ही त्या मंडळींच्या उदारपणाची स्तुती होती. शहराने नाट्यगृहावरची बंदी उठवावी, असा सल्लाही त्यांनी जाताजाता देऊन टाकला.

जिनिव्हात खळबळ उडाली. धर्मोपदेशकांनी १७५८ च्या सुरुवातीला जाहीर निवेदन काढून हे विधान नाकारले. नाट्यगृहाच्या सल्ल्याला रूसो यांनी त्याच वर्षी एक प्रदीर्घ पत्र लिहून उत्तर दिले, आणि जुन्या मित्रांत कायमचे वितुष्ट आले. पुढच्या वर्षी, १७५९ मध्ये, कोशाचा राजपरवानाच रद्द झाला. त्याला इतरही कारणे होती, पण या नोंदीने विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले होते.

आजच्या नजरेने पाहिले तर या नोंदीत दोन दोष दिसतात. धर्मोपदेशकांच्या श्रद्धेबद्दलच्या विधानाला वाचकाला तपासता येईल असा कोणताही आधार दिलेला नव्हता. आणि लेखकाचे स्वतःचे मत माहितीच्या वेषात आत शिरले होते. दोष दाखवणारी नोंदच तेवढी पक्षपाती असते असे नाही. कौतुकाची नोंदही पक्षपाती असू शकते, हा धडा येथे मिळतो.

याच कोशाच्या बाबतीत उलट दिशेनेही एक प्रकार घडला. कोशाचे मुद्रक-प्रकाशक ल ब्रतों यांनी शेवटच्या दहा खंडांतील धाडसी वाटणारा मजकूर, संपादकांनी मुद्रिते मंजूर केल्यानंतर, गुपचूप कापून टाकला. दिदरो यांना ते १७६४ साली, स्वतःचाच एक लेख चाळताना, कळले. तोवर खंड छापून झाले होते. वाचकाला तर हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. छापील पानावर कोणी काय कापले, काय घातले, याची खूण राहत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

कुलुपे लावलेल्या प्रयोगशाळा

एखाद्या शिक्षणसंस्थेबद्दल खरी माहिती मिळवायची असेल तर काय करावे लागते? याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या अनेक खाजगी शाळा होत्या. काही डॉक्टर एकत्र येत, एखादी इमारत भाड्याने घेत आणि विद्यार्थ्यांचे शुल्क आपसात वाटून घेत. प्रत्येक शाळेचे एक सुबक माहितीपत्रक असे. त्यात प्रयोगशाळा, संग्रहालय, रुग्णालय, सारे काही असे.

कार्नेगी प्रतिष्ठानाने या शाळांची पाहणी करण्याचे काम एब्राहम फ्लेक्सनर यांच्यावर सोपवले. फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते. ते शिक्षक होते, आणि लुइव्हिल गावात त्यांनी स्वतःची एक शाळा अनेक वर्षे चालवली होती. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांना स्वतः भेटी दिल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांचे प्रश्न ठरलेले असत. प्रवेशाची पात्रता काय, आणि ती खरोखर पाळली जाते का? शिक्षक किती, आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण काय? पैसा कुठून येतो आणि कुठे जातो? प्रयोगशाळा कशा आहेत? विद्यार्थ्यांना रुग्ण पाहायला मिळतात का?

फ्लेक्सनर यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग मोठा बोलका आहे. आयोवा राज्यातील डे मॉइन येथील एका शाळेत दारांवर शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र अशा पाट्या होत्या, पण सर्व दारांना कुलुपे होती आणि किल्ल्या मिळत नव्हत्या. फ्लेक्सनर स्टेशनावर जाण्याचे निमित्त करून निघाले, थोड्या वेळाने एकटेच परत आले आणि शिपायाला पाच डॉलर देऊन दारे उघडायला लावली. आत प्रत्येक खोलीत फळा, टेबल आणि खुर्च्या होत्या. तक्ते, उपकरणे यांपैकी काहीच नव्हते.

१९१० साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक शाळेचे नाव घेऊन, भेटीच्या तारखेसह, जे पाहिले ते नोंदवलेले होते. अशा शाळांची संख्या आधीपासूनच घटू लागली होती. अहवालानंतर ती आणखी झपाट्याने घटली. एखाद्या ज्ञानकोशकाराला या शाळांबद्दल लिहायचे असते, तर माहितीपत्रक आणि हा अहवाल यांपैकी कोणता आधार घ्यायचा, हे वेगळे सांगायला नको.

पण येथेही एक सावधगिरी हवी. त्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सात वैद्यकीय शाळा होत्या. त्यांपैकी दोनच टिकवाव्यात असे फ्लेक्सनर यांनी सुचवले, आणि बाकीच्या पाच कालांतराने बंद पडल्या. कृष्णवर्णीय डॉक्टरांची संख्या त्यामुळे दीर्घकाळ अत्यल्प राहिली. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या कामाबद्दल फ्लेक्सनर यांची मते त्या काळच्या वर्णभेदी समजुतींनी बांधलेली होती. स्वतंत्र आधारसुद्धा कोणी, कधी, कोणत्या दृष्टीने लिहिला आहे हे पाहूनच वापरावा लागतो.

'विद्यापीठ' या शब्दाची किंमत

आपल्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ सालचा आहे. त्याच्या २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. २३ वे कलम 'विद्यापीठ' हा शब्द नावात कोणी वापरावा यावर मर्यादा घालते. म्हणजे 'पदवी' आणि 'विद्यापीठ' हे शब्द बोलीभाषेत सैल वापरले जात असले तरी कायद्यात त्यांना नेमका अर्थ आहे.

महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि पुढे देशभर खाजगी व्यावसायिक शिक्षणाचा विस्तार झाला. त्यात चांगल्या संस्था उभ्या राहिल्या, आणि नुसत्या पाट्याही. पाट्यांचे टोकाचे उदाहरण छत्तीसगडचे. त्या राज्याने २००२ साली खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच काळात ११२ विद्यापीठे अधिसूचनांद्वारे स्थापन झाली. त्यांतील अनेकांना इमारत नव्हती, वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते प्राध्यापक यशपाल. 'टर्निंग पॉइंट' या दूरदर्शन मालिकेमुळे आणि दप्तराच्या ओझ्यावरील १९९३ च्या अहवालामुळे आपल्या वाचकांना ते परिचित आहेत. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्षही होते. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमे घटनाबाह्य ठरवली, आणि अधिसूचनेने जन्मलेली ती विद्यापीठे अधिसूचनेसह संपली.

२००४ साली कोणी ज्ञानकोशात 'छत्तीसगडमध्ये शंभरावर विद्यापीठे आहेत' असे लिहिले असते तर ते सरकारी कागदानुसार बरोबर ठरले असते, आणि तरीही वाचकाची दिशाभूल झाली असती. अशा नोंदीत 'अमुक कायद्याखाली, अमुक साली अधिसूचित' एवढे नेमकेपणाने लिहिले तरच ती टिकते.

सर्वांनी लिहायचा कोश

छापील कोशांची पद्धत अशी की विषयातील जाणकाराने लिहायचे, संपादकाने तपासायचे आणि खंड निघाला की तो अनेक वर्षे तसाच राहायचा. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड असेच झाले. १९७६ साली पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोशही याच वळणाचा. या पद्धतीत नोंद उशिरा होते, पण तिच्यामागे कोण उभे आहे ते ठाऊक असते.

विकिपीडियाची सुरुवात १५ जानेवारी २००१ रोजी झाली. त्याआधी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा प्रकल्प चालवला होता. त्यात लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जात असे, आणि त्यामुळे काम फारच मंद चालले. विकिपीडियाने ही चाळणी काढून टाकली. कुणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे दुरुस्त करावे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाही सुरू झाला.

दार असे सताड उघडे ठेवल्यावर काही नियम अटळ होते. पहिला नियम तटस्थ दृष्टिकोनाचा. पुढे आणखी दोन नियम त्याला जोडले गेले: प्रत्येक विधान प्रसिद्ध झालेल्या विश्वासार्ह आधारावरून पडताळता आले पाहिजे, आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन किंवा निष्कर्ष लिहायचे नाहीत. विधान घालणाऱ्यानेच आधार द्यायचा, वाचकाने तो शोधत बसायचे नाही.

नियम असले तरी चुका राहतात. मे २००५ मध्ये जॉन सिगेन्थालर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या नोंदीत कोणीतरी गंमत म्हणून लिहिले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. हे धादांत खोटे वाक्य सुमारे चार महिने तसेच राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार आणि ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीला आक्षेप घेतला, पण दोन्हींतील अंतर लोकांना वाटत होते त्याहून कमी आहे हे दिसून आले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट कळते. विज्ञानाच्या एखाद्या नोंदीवर जगभरच्या वाचकांची नजर असते, आणि ती बिघडवून कोणाचा फायदा होत नाही. एकट्या व्यक्तीची किंवा एकट्या संस्थेची नोंद मात्र फार थोडे लोक पाहतात, आणि त्यांतील काहींचा तिच्यात स्वार्थ असतो. खाजगी कॉलेजची नोंद या दुसऱ्या प्रकारात मोडते. कॉलेजला ती चकचकीत हवी असते, स्पर्धक कॉलेजला ती काळवंडलेली चालते आणि रागावलेला माजी विद्यार्थी तिच्यात एखादी शिवीही लिहून जातो. त्रयस्थ मात्र तिकडे क्वचितच फिरकतो.

एका संस्थेची नोंद

या धोक्याचे भारतातील सर्वांत गाजलेले उदाहरण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे आयआयपीएम, या संस्थेचे आहे. १९७३ साली स्थापन झालेली ही खाजगी व्यवस्थापन-शिक्षण संस्था एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांतील पानपानभर जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचली. सरकारी आयआयएमच्या पलीकडचा विचार करा, असा त्या जाहिरातींचा सूर होता.

२००५ साली एका युवा-नियतकालिकाने या जाहिरातींतील दाव्यांची तपासणी करणारा लेख छापला. संस्थेने टीकाकारांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या. २०११ साली 'द कॅरव्हान' या मासिकात संस्थेच्या प्रमुखांवर मोठा लेख आला. त्यावर आसाममधील सिलचर येथील न्यायालयात ५० कोटी रुपयांचा दावा दाखल झाला आणि लेख इंटरनेटवरून उतरवावा लागला. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मनाईहुकूम उठवल्यावर तो पुन्हा वाचकांना मिळाला. जुलै २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर सूचना काढली की ही संस्था कायद्याच्या व्याख्येनुसार विद्यापीठ नाही आणि तिला पदव्या देण्याचा अधिकार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये, ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशावरून, दूरसंचार विभागाने संस्थेवर टीका करणारी ७३ संकेतपाने बंद करायला सांगितली. त्यांत आयोगाच्या त्या सूचनेचे पानही होते! अखेर २६ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल असे शब्द वापरण्यास संस्थेला मनाई केली. २०१५ मध्ये संस्थेने आपली बहुतेक केंद्रे बंद करत असल्याचे जाहीर केले.

हे सर्व चालू असताना इंग्रजी विकिपीडियातील तिची नोंद कशी होती? येथे मुख्य पात्र आहे 'वायफायवन' या टोपणनावाचे एक सदस्यखाते. या खात्याने भरपूर काम केले, इतर संपादकांचा विश्वास मिळवला आणि २०१० साली ते प्रचालकपदापर्यंत पोहोचले. प्रचालक म्हणजे पाने वगळण्याचे, सदस्यांना रोखण्याचे जादा अधिकार असलेला संपादक. मात्र या खात्याची संपादने ओळीने मांडून पाहणाऱ्या काही संपादकांना त्यांत एक ठरावीक वळण दिसू लागले. आयआयपीएमच्या नोंदीतून टीकेचा मजकूर या ना त्या नियमाचा हवाला देऊन निघून जात होता आणि अनुकूल मजकूर स्थिरावत होता. एका स्पर्धक खाजगी संस्थेच्या बाबतीत कल याच्या बरोबर उलट होता. सुटे एकेक संपादन पाहिले तर त्यात वावगे दिसत नसे. 'हा आधार पुरेसा विश्वासार्ह नाही', 'हे वाक्य तटस्थ नाही', अशी कारणे नियमांच्याच भाषेत दिलेली असत. पण ती कारणे नेहमी एकाच बाजूला झुकत.

काही वर्षांच्या वादानंतर प्रकरण विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे गेले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये या खात्यावर बंदी घालण्यात आली. पुढच्याच महिन्यात 'न्यूजवीक'ने ही हकिकत छापली. खात्यामागची व्यक्ती कोण होती, या प्रश्नात आपण जायचे कारण नाही. आपल्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. नोंद सुधारली, पण काही वर्षांनी. त्या प्रत्येक वर्षी जून-जुलैत हजारो विद्यार्थी प्रवेशाचे निर्णय घेत होते. ज्ञानकोश अखेरीस दुरुस्त होतो, हे वाक्य ज्याने शुल्क भरून टाकले आहे त्याच्या काय कामाचे?

दुसरी गोष्ट खुणेची. ल ब्रतों यांनी कापलेला मजकूर दिदरो यांना योगायोगाने सापडला होता. विकिपीडियात प्रत्येक नोंदीला 'इतिहास' असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते कायम नोंदलेले राहते. या प्रकरणातील सारा पुरावा तिथेच, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तो ओळीने मांडून वाचणारे कोणीतरी हवे होते, आणि तेवढी चिकाटी असलेले थोडे लोक निघाले म्हणून प्रकरण उघडकीस आले.

हा प्रकार एकट्या भारतातला किंवा शिक्षणापुरता नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये पैसे घेऊन नोंदी लिहून देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीशी संबंधित अडीचशेहून अधिक बनावट खाती बंद करण्यात आली. २०१४ च्या जूनपासून विकिमीडिया प्रतिष्ठानाने नियमच केला की, मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो कोणाकडून मिळतो हे उघड सांगितले पाहिजे. तरी २०१५ साली अशा आणखी ३८१ खात्यांचे एक जाळे सापडलेच.

तटस्थ म्हणजे अर्धे-अर्धे नव्हे

या इतिहासातून तटस्थतेचा अर्थ थोडा स्पष्ट होतो. चार ओळी स्तुतीच्या आणि चार ओळी निंदेच्या लिहिल्या की नोंद तटस्थ होते, असा एक समज आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाची सूचना आणि संस्थेची जाहिरात यांना तराजूच्या दोन पारड्यांत सारखे बसवता येत नाही. ज्याचा आधार भक्कम त्याला त्या प्रमाणात जागा, हा खरा नियम आहे.

आधार भक्कम आहे की नाही हे ओळखणे खाजगी कॉलेजांच्या बाबतीत विशेष अवघड जाते. प्रवेशाच्या हंगामात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येणारे कितीतरी 'लेख' जाहिरातदारांनी पैसे देऊन छापलेले असतात. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील पैसे देऊन छापलेल्या बातम्यांवर पी. साईनाथ यांनी लिहिले आणि २०१० साली भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही या रोगाची दखल घेतली. निवडणुकीत जे होते ते प्रवेशाच्या हंगामात होत नसेल असे मानायला जागा नाही. म्हणून 'पेपरात आले आहे' एवढा आधार पुरत नाही. मजकुराखाली बातमीदाराचे नाव आहे का, त्यात कॉलेजबाहेरच्या कोणाशी बोलून लिहिले आहे का, हे पाहावे लागते. कधी तर वार्ताहर विकिपीडियातूनच माहिती उचलतो आणि पुढे तीच बातमी विकिपीडियात आधार म्हणून दिली जाते. कुत्रे स्वतःच्या शेपटीमागे धावते तसा हा प्रकार.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका नोंदीत असे वाक्य आहे: 'हे राज्यातील अग्रगण्य महाविद्यालय असून येथे अत्याधुनिक सुविधा आणि १०० टक्के नोकरीची हमी आहे.' या वाक्यात तपासता येण्याजोगे काय आहे? 'अग्रगण्य' कोणाच्या मते? 'अत्याधुनिक' कशाच्या तुलनेत? १०० टक्के म्हणजे किती विद्यार्थ्यांपैकी किती, कोणत्या वर्षी, कोणत्या पगारावर? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर वाक्य काढावे. त्याऐवजी स्थापनेचे वर्ष, चालवणारी संस्था, संलग्न विद्यापीठ, मान्यता देणारी यंत्रणा आणि मान्यतेची मुदत, मंजूर जागा, एवढे लिहिले तरी वाचकाला कितीतरी उपयोग होतो. मूल्यांकनाची श्रेणी किंवा राष्ट्रीय क्रमवारीतील क्रमांक लिहायचा तर वर्षासकट लिहावा. २०१६ साली मिळालेला क्रमांक वर्ष न घालता लिहिला की तो कायमचा होऊन बसतो.

टीकेलाही हीच फूटपट्टी लावायची. 'येथे लूट चालते' हे वाक्य, लिहिणाऱ्याचा अनुभव खरा असला तरी, ज्ञानकोशात बसत नाही. 'शुल्क नियामक यंत्रणेने अमुक साली जादा शुल्क परत करण्याचा आदेश दिला' हे, आदेशाचा आधार असेल तर, बसते. ज्या कॉलेजने काही वाईट केलेले नाही त्याचे रक्षणही याच नियमाने होते. तटस्थता ही संस्थेविरुद्धची कारवाई नव्हे. ती वाचकाशी केलेली बांधिलकी आहे.

ग्वाल्हेरच्या आदेशाने आणखी एक गोष्ट शिकवली. आधार नाहीसा होऊ शकतो, मग तो सरकारी का असेना. म्हणून मूळ पानाची प्रत जालावरील संग्रहात जतन करून तिचा दुवा नोंदीत देण्याची पद्धत उपयोगी पडते. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून अशा प्रती साठवत आहे.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीपासून पुढे कोणत्याही वर्गात करता येईल असा एक उपक्रम आम्हाला सुचतो. विद्यार्थ्यांचे चार-चारचे गट करावेत. प्रत्येक गटाने जिल्ह्यातील एका महाविद्यालयाची विकिपीडियातील नोंद निवडावी; मराठीत नसेल तर इंग्रजी घ्यावी. नोंदीतील प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर उतरवून त्यापुढे तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात, या वाक्याला आधार दिला आहे का? दुसऱ्यात, तो आधार कॉलेजचा स्वतःचा आहे की बाहेरचा? तिसऱ्यात, आधार उघडून वाचला तेव्हा त्यात हे विधान खरोखर सापडले का? तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच मुले टाळतात. तो भरून घ्यावाच.

मग नोंदीचा 'इतिहास' उघडावा. एकाच खात्याने एवढ्या एका नोंदीवर वारंवार काम केले आहे का? कोणती वाक्ये काढली गेली, आणि काढताना काय कारण दिले? चर्चापानावर काही वाद झाला आहे का? शेवटी अनुदान आयोगाच्या आणि तंत्रशिक्षण परिषदेच्या संकेतस्थळांवर संस्थेचे नाव कोणत्या सदरात आहे ते पाहावे. अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. ती वरच्या वर्गातील मुलांना एकदा तरी वाचायला द्यावी.

आढळलेल्या त्रुटी मुलांनी थेट नोंदीत दुरुस्त कराव्यात की चर्चापानावर मांडाव्यात, हे शिक्षकांनी ठरवावे. एक पथ्य मात्र जरूर पाळावे. आपल्या स्वतःच्या शाळेची, किंवा आपण जिथे शिकवतो त्या संस्थेची नोंद स्वतः लिहू नये. सुधारणा हवी असेल तर आपण कोण आहोत ते उघड सांगून चर्चापानावर आधारासकट सुचवावी. जो नियम मोठ्या संस्थांनी पाळावा असे आपण म्हणतो, तो आपल्यापासून सुरू झालेला बरा. मराठी विकिपीडियासारख्या लहान प्रकल्पात पहारा देणारे हात थोडे असतात. एका शाळेतील चार मुलांनी चार नोंदी नीट वाचल्या तरी तेवढ्या नोंदी सुधारतात.

फ्लेक्सनर यांना १५५ शाळांत स्वतः जावे लागले होते. कुलूप उघडून आत फळा आणि खुर्च्याच आहेत हे पाहणे आजही कोणाला तरी करावेच लागते. ज्ञानकोश ते काम करत नाही. ते ज्याने केले त्याने काय पाहिले, कधी पाहिले, हे वाचकापर्यंत जसेच्या तसे पोहोचवणे एवढे ज्ञानकोशाचे काम आहे. तेव्हा "हे कॉलेज कसं आहे?" असे विचारणाऱ्या मुलाला नोंद वाचायला जरूर सांगावे. आणि वाचून झाल्यावर त्याला विचारावे, "हे कोणी सांगितलं, असं तिथे लिहिलंय?"